लाटांच्या भेटीचे बीजगणित

कवींनी पाण्यावरच्या लाटेला क्षणभंगुरतेच्या दाखल्यासाठी इतकी शतके राबविले आहे की, एखादी लाट उठते, रूप न बदलता लांबवर चालत जाते, वाटेत दुसऱ्या लाटेशी तिची गाठ पडते आणि त्या गाठीतूनही ती आपल्या मूळ आकारानिशी व वेगानिशी सहीसलामत बाहेर पडते, असे कोणी सांगितले तर आपण ते अतिशयोक्तीच्या सदरात टाकून मोकळे होऊ. शास्त्राचा प्रथमदर्शनी कौलही कवींच्याच बाजूने पडतो. कोणतीही लाट ही वस्तुतः लहानमोठ्या लांबीच्या असंख्य लहरींची बेरीज असते, आणि पाण्यात या लहरींचा वेग निरनिराळा असल्यामुळे, वारीच्या वाटेवर तरणीबांड मंडळी पुढे निघून जावीत, वृद्ध मागे रेंगाळावेत आणि सकाळी एकत्र निघालेली दिंडी दुपारपर्यंत कोसभर पांगावी, तशी लाटही पसरत जाऊन अखेर सपाट होते. भौतिकीत याला अपस्करण म्हणतात. उथळ पाण्यात याच्या नेमकी उलट अशी दुसरी एक प्रवृत्ती असते: लाटेचा उंच भाग सखल भागापेक्षा वेगाने धावतो, माथा पायथ्याला मागे टाकू पाहतो, पुढची बाजू उभी होत जाते आणि शेवटी लाट फुटते. पसरून मरावे किंवा फुटून मरावे, याखेरीज लाटेला तिसरी गती नाही, असेच एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचे मातबर गणिती मानीत होते.

या समजुतीविरुद्ध पहिली फिर्याद दाखल केली ती जॉन स्कॉट रसेल या सव्वीस वर्षांच्या स्कॉटिश अभियंत्याने. ऑगस्ट 1834 मध्ये एडिंबरोनजीकच्या युनियन कालव्यावर, घोड्यांनी ओढल्या जाणाऱ्या एका नावेची चाल तो न्याहाळीत असता, ती नाव एकाएकी थांबली आणि तिच्या नाळेपाशी खवळलेले पाणी तिला मागे टाकून एका गुळगुळीत, गोलसर उंचवट्याच्या रूपाने पुढे चालू लागले. सुमारे तीस फूट लांब आणि फूट-दीड फूट उंच असा तो उंचवटा तासाला आठ-नऊ मैलांच्या वेगाने जात होता. रसेलने घोडा पिटाळून मैल-दोन मैल त्याचा पाठलाग केला आणि कालव्याच्या वळणांत तो दिसेनासा झाला तेव्हाच तो थांबला. पुढे कृत्रिम हौदात त्याने तशा लाटा पुनःपुन्हा निर्माण केल्या, त्यांचा वेग पाण्याची खोली आणि लाटेची उंची यांच्या बेरजेच्या वर्गमुळावर अवलंबून असतो हे मोजून काढले, आणि 1844 साली ब्रिटिश असोसिएशनपुढे आपला अहवाल रुजू केला. एअरी आणि स्टोक्स या तत्कालीन धुरीणांना तो पटला नाही. रसेलचे नाव पुढे गाजले ते ‘ग्रेट ईस्टर्न’ या अजस्र जहाजाचा एक कर्ता म्हणून; 1870 साली मुंबई ते एडन ही समुद्रतळाची तार याच जहाजाने टाकली, आणि मुंबईकरांचा रसेलच्या कर्तबगारीशी जो काय प्रत्यक्ष संबंध आला तो एवढाच.

लाटेच्या बाजूने निकाल लागण्यास बरीच वर्षे गेली. फ्रान्समध्ये बूसिनेस्क याने 1871 पासून आणि इंग्लंडात लॉर्ड रॅले याने 1876 साली अशी लाट गणितात बसते हे दाखविले. आणि 1895 साली ॲमस्टरडॅमचा प्राध्यापक कोर्टेवेग व त्याचा विद्यार्थी डी व्रीस यांनी, आज त्या दोघांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून ‘केडीव्ही’ म्हणून ओळखले जाणारे समीकरण प्रसिद्ध केले. या समीकरणात तीनच पदे आहेत: एक लाटेच्या उंचीत काळानुसार होणारा बदल सांगते, दुसरे उंच भागाला अधिक धावायला लावते, आणि तिसरे लाटेला पसरविते. दुसरे व तिसरे पद परस्परांना तोलून धरतात तेव्हा एकाकी लाट टिकते, असा खुलासा सामान्यतः दिला जातो.

हा खुलासा खोटा नाही. पण जवळजवळ प्रत्येक सुबोध पुस्तक येथेच समाधान मानून थांबते, ही गोष्ट मला नेहमीच खटकत आली आहे. तोल हे एका लाटेच्या टिकण्याचे कारण होऊ शकते. परंतु दोन लाटा एकमेकींत शिरतात तेव्हा तो तोल दोघींचाही मोडतो, आणि मोडलेला तोल पूर्वीइतकाच बिनचूक पुन्हा का सांधावा, याचे उत्तर त्या खुलाशात कोठेही नाही. एकाकी लाट असणारी समीकरणे पुष्कळ आहेत. त्यांपैकी बहुतेकांत दोन लाटांची टक्कर झाली की थोडी ऊर्जा लहान लहान तरंगांच्या रूपाने इतस्ततः सांडते आणि लाटा किंचित का होईना, जखमी होऊन बाहेर पडतात. केडीव्हीमध्ये असे काहीही होत नाही. या अपवादाचे मूळ पाण्यात नसून एका बीजगणितात आहे, आणि ते हाती येण्यास 1895 नंतर जवळजवळ नव्वद वर्षे लागली.

दोन लाटांच्या भेटीकडे लक्ष गेले तेही आडवाटेने. अमेरिकेत लॉस अलामोस येथे फेर्मी, पास्ता आणि उलाम यांनी, मेरी त्सिंगू या गणितज्ञ स्त्रीने लिहिलेल्या आज्ञावलीच्या साहाय्याने, स्प्रिंगांनी जोडलेल्या जास्तीत जास्त 64 कणांच्या साखळीची हालचाल संगणकावर मोजली. एका प्रकारच्या कंपनात भरलेली ऊर्जा हळूहळू सर्व प्रकारांत सारखी वाटली जाईल अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात ती काही काळ भटकून जवळजवळ सारीच्या सारी मूळ स्थानी परत आली. 1955 साली तो अहवाल तयार झाला तेव्हा फेर्मी हयात नव्हता. दहा वर्षांनी, 1965 मध्ये, झाबुस्की आणि क्रुस्कल यांनी दाखविले की त्या साखळीतील लांब लहरींना केडीव्हीचेच समीकरण लागू पडते, की तीत एकाकी लाटांची एक मालिका उत्पन्न होते, आणि त्या लाटा एकमेकींतून पार होऊनही अभंग राहतात. कणासारख्या वागणाऱ्या या लाटांना त्यांनी सोलिटॉन असे नाव दिले.

या भेटीचा तपशील आकड्यांत पाहण्याजोगा आहे. केडीव्हीच्या प्रचलित मांडणीत प्रत्येक सोलिटॉनची ओळख एकाच संख्येने पटते. तिला आपण ‘क’ म्हणू. सोलिटॉनचा वेग क चा वर्ग, उंची त्या वर्गाच्या निम्मी, आणि तिने वाहून नेलेल्या पाण्याचे माप क च्या दुप्पट. म्हणजे क बरोबर 1 असणारी लाट 1 वेगाने जाते व अर्धा एकक उंच असते. क बरोबर 2 असणारी लाट 4 वेगाने जाते, 2 एकके उंच असते, आणि रुंदीने मात्र पहिलीच्या निम्मी. मोठी लाट मागून येऊन लहानीला गाठते. दोन्ही माथे एकाच ठिकाणी आले की तेथे अडीच एकके उंचीचा डोंगर उभा राहावा असे आपल्याला वाटेल. परंतु त्या क्षणी एकच माथा दिसतो आणि त्याची उंची असते दीड, म्हणजे दोन उंचींची बेरीज नव्हे, वजाबाकी. मग दोघी अलग होतात. मोठी पुढे जाते, लहान मागे राहते, आकार व वेग पूर्ववत. भेटीची खूण एवढीच की, भेट झाली नसती तर जेथे असती त्याहून मोठी लाट सुमारे 1.1 एकक पुढे सरकलेली असते आणि लहान लाट सुमारे 2.2 एकक मागे पडलेली असते. मोठीने वाहिलेले पाणी 4, लहानीचे 2, चाराला 1.1 ने गुणले काय आणि दोहोंना 2.2 ने गुणले काय, जमाखर्च तंतोतंत जुळतो.

हा जमाखर्च का जुळतो, या प्रश्नापाशी सममितीचा प्रवेश होतो. चौरस काटकोनात फिरविला तरी पूर्ववत दिसतो, म्हणून ते फिरविणे ही त्याची सममिती. तद्वत समीकरणाच्या एका उत्तराचे रूपांतर त्याच समीकरणाच्या दुसऱ्या उत्तरात करणारी जी क्रिया, ती त्या समीकरणाची सममिती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नॉर्वेच्या सोफस ली याने अशा क्रिया हुडकून काढण्याची रीतसर पद्धत घालून दिली. ती केडीव्हीला लावली असता चार सममिती हाती लागतात: सारे दृश्य कालव्यातून पुढेमागे सरकविणे, घड्याळ पुढेमागे करणे, चालत्या नावेतून पाहणे, आणि लांबी, काळ व उंची यांची मापे एका ठराविक प्रमाणात बदलणे. गटिंगेनच्या एमी नोएथर हिने 1918 साली सिद्ध केले की, ज्या समीकरणाचा उगम एका विशिष्ट प्रकारच्या मूलतत्त्वात आहे त्याच्या प्रत्येक सममितीबरोबर एक अक्षय्य राशी येते, म्हणजे काळ कितीही लोटला तरी जिची शिल्लक बदलत नाही अशी राशी. वरचा जमाखर्च चालत्या नावेच्या सममितीतून निघतो: पाण्याचा गुरुत्वमध्य एकसारख्या गतीने सरकला पाहिजे, तेव्हा मोठी लाट जितकी पुढे जाईल त्याची भरपाई लहान लाटेला करावीच लागते.

परंतु चार सममितींच्या बळावर दोन लाटांचे आकार जसेच्या तसे परत मिळत नाहीत. प्रिन्स्टन येथे क्रुस्कल, मिउरा, गार्डनर आदी मंडळी 1965 नंतर अक्षय्य राशी शोधण्याच्या मागे लागली, तेव्हा त्या एकामागून एक सापडतच गेल्या, आणि त्यांना अंत नाही हे 1968 मध्ये सिद्ध झाले. दरम्यान 1967 साली गार्डनर, ग्रीन, क्रुस्कल आणि मिउरा यांनी एक विलक्षण युक्ती काढली: लाटेचा आकार हा जणू पुंजयामिकीतील एक विभवखळगा आहे असे समजून त्यात अडकू शकणाऱ्या कणाच्या ऊर्जापातळ्या काढाव्या. लाट बदलत राहते, पातळ्या मात्र तसूभरही हलत नाहीत, आणि प्रत्येक पातळीमागे एक सोलिटॉन असतो. पीटर लॅक्स याने पुढच्याच वर्षी हे स्थैर्य दोन कारकांच्या, म्हणजे एका फलाचे दुसरे फल करणाऱ्या दोन क्रियांच्या, एका सुटसुटीत संबंधात बसविले. अनंत अक्षय्य राशींच्या पाठोपाठ अनंत सममितीही आल्या. त्यांची एक शिडीच तयार झाली, जिची पहिली पायरी जागेतले सरकणे, दुसरी काळातले सरकणे, म्हणजे केडीव्ही स्वतःच, आणि त्यापुढील प्रत्येक पायरी म्हणजे अधिकाधिक गुंतागुंतीचे एक नवे समीकरण. या सर्व पायऱ्या एकमेकींच्या कारभारात ढवळाढवळ करीत नाहीत: आधी कोणती, मागून कोणती, याने फलात फरक पडत नाही.

येथे वाचकाने एक भेद ध्यानात घ्यावा, कारण पुढील सारा मजकूर त्यावर उभा आहे. या शिडीवरच्या सममिती सोलिटॉनांना हलवितात. एकही नवा सोलिटॉन त्या निर्माण करू शकत नाहीत. शांत पाण्यापासून एका लाटेकडे, एका लाटेकडून दोन लाटांकडे नेणारी सममिती वेगळ्या जातीची असली पाहिजे, आणि तिच्या क्रियांचा क्रम बदलला तर फलही बदलले पाहिजे. तिचा माग काढण्याचे श्रेय मुख्यतः जपानकडे जाते.

र्योगो हिरोता याने 1971 मध्ये केडीव्हीच्या उत्तराऐवजी त्याच्यामागे दडलेल्या एका फलाकडे दृष्टी वळविली. पुढे त्याला ग्रीक ‘टाउ’ अक्षराचे नाव मिळाले. त्याचा लॉगरिदम घेऊन दोनदा अवकलन केले आणि दुप्पट केली की लाटेची उंची मिळते. शांत पाण्याचा टाउ म्हणजे नुसता 1. एका सोलिटॉनचा टाउ म्हणजे 1 अधिक एक घातांकी पद. दोन सोलिटॉनांचा टाउ म्हणजे 1, दोघांची दोन घातांकी पदे, आणि त्या दोन पदांचा गुणाकार एका गुणकासह. हा गुणक म्हणजे दोन क संख्यांची वजाबाकी भागिले बेरीज, याचा वर्ग. आपल्या उदाहरणात तो एक-नवमांश येतो, आणि वर दिलेले 1.1 व 2.2 हे आकडे याच एक-नवमांशातून निघतात. लाटांच्या तुंबळ झुंजीचा सारा हिशेब शेवटी शाळकरी अपूर्णांकात मावतो. तीन सोलिटॉन आले तर तिघांच्या एकत्र भेटीसाठी निराळा गुणक लागत नाही. जोड्याजोड्यांच्या तीन गुणकांचा गुणाकार पुरतो. दोन लाटांपर्यंत हिरोताची रीत पुष्कळ समीकरणांना साधते. तिसरी लाट आणली की त्यांतली बहुतेक गळतात, आणि जी टिकतात ती जवळजवळ नेहमीच त्या गुप्त बीजगणिताची वारसदार ठरतात.

असे का व्हावे, याचे उत्तर क्योटोच्या मिकिओ सातो याने 1981 मध्ये दिले, आणि ते भूमितीच्या जुन्या दप्तरातून निघाले. अवकाशातील सरळ रेषा सहा संख्यांनी दर्शविता येते. परंतु कोणत्याही सहा संख्या घेऊन चालत नाही. त्यांच्या ठरलेल्या तीन जोड्या पाडून तीन गुणाकार केले, पहिल्यातून दुसरा वजा करून तिसरा मिळविला, तर उत्तर शून्य आले पाहिजे; ही अट जर्मनीच्या प्लकरच्या नावाने ओळखली जाते. रेषांऐवजी कितीही मितींचे उपावकाश घेतले की ग्रासमानचा अवकाश तयार होतो. हरमान ग्रासमान हा श्टेटीनचा शाळामास्तर. आपला मूळ ग्रंथ त्याने रसेलच्या अहवालाच्याच साली, 1844 मध्ये, प्रसिद्ध केला, आणि गणितज्ञांनी त्याची दखल घेतली नाही म्हणून की काय, उतारवयात तो संस्कृताकडे वळून ऋग्वेदाचा कोश आणि भाषांतर करून बसला. सातोने दाखविले की, हिरोताची समीकरणे म्हणजे अनंत मितींच्या ग्रासमान अवकाशातील प्लकरच्या अटीच होत. केडीव्हीचे प्रत्येक टाउ-फल, अधिक व्यापकपणे बोलायचे तर कादोम्त्सेव्ह-पेत्व्हियाश्विली या दोन सोव्हिएत शास्त्रज्ञांच्या नावाने चालणाऱ्या समीकरणकुलाचे प्रत्येक टाउ-फल, हा त्या अवकाशातील एक बिंदू. आणि काळाबरोबर लाटेचे जे पुढे जाणे, ते म्हणजे त्या बिंदूचे एका सरळसाध्या नियमाने सरकणे. वरून अरेषीय व दुर्घट दिसणारा सारा व्यवहार त्या उंचीवरून पाहिला असता रेषीय आहे.

ग्रासमान अवकाशाची स्वतःची सममिती अफाट आहे. कोणत्याही बिंदूपासून कोणत्याही बिंदूपर्यंत नेणारी क्रिया तीत सापडते. तेव्हा शांत पाण्याच्या बिंदूपासून निघून सोलिटॉनाच्या बिंदूपर्यंत नेणारी क्रियाही तीत असलीच पाहिजे. ती प्रत्यक्ष लिहून दाखविण्याचे काम क्योटोमधील दाते, जिम्बो, काशिवारा आणि मिवा या चौघांनी 1981 पासूनच्या लेखमालेत केले. त्यांच्या हाती जो कारक लागला तो मात्र त्याआधीच दोन निराळ्या घरांत जन्माला आलेला होता. मूलकणांच्या तंतुसिद्धांतात 1970 च्या सुमारास ‘व्हर्टेक्स’ कारक म्हणून त्याचा वापर होई; आणि 1978 मध्ये लेपोव्स्की व विल्सन यांनी, कात्स आणि मूडी यांनी दहा वर्षांपूर्वी स्वतंत्रपणे शोधलेल्या अनंतमितीय ली बीजगणितांपैकी सर्वांत लहान बीजगणित प्रत्यक्षात उतरविण्यासाठी, लाटांचा काहीएक विचार मनात नसताना, नेमका तसाच कारक बांधला होता. क्योटोच्या मंडळींनी ओळखले की तो केडीव्हीच्या टाउ-फलात एक सोलिटॉन भरतो. 1 वर तो चालविला की एक लाट उठते, पुन्हा निराळ्या क ने चालविला की दोन. आणि दोन्ही वेळा क एकच ठेवला तर हाती शून्य येते, कारण हिरोताच्या गुणकात वजाबाकी अंशस्थानी बसलेली आहे. अगदी सारख्या दोन सोलिटॉनांना एकत्र नांदण्याची मुभा नाही, ही बाब इलेक्ट्रॉनांना लागू असणाऱ्या पाउलीच्या निषेधाची आठवण करून देते, आणि ती आठवण केवळ वरवरची नाही: क्योटोच्या मांडणीत हा कारक इलेक्ट्रॉनांसारख्या कणांच्या निर्मिती-विनाशाच्या भाषेतच लिहिला जातो.

भेटीनंतर लाटा अभंग का राहतात, या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. दोन सोलिटॉनांचे उत्तर ही एकमेकींवर आदळलेल्या दोन वस्तूंची कहाणी नसून, एकाच विराट सममिती-गटाने शांत पाण्यापासून दोन पावलांत गाठलेला एक बिंदू आहे. आणि प्रत्येक पावलावर नोंदलेली क ही संख्या पुसून टाकण्याचा अधिकार काळाच्या प्रवाहाला नाही. समीकरणांचे नातेगोतेही यातून उलगडते. मूळ कुलात शिडीच्या प्रत्येक पायरीचा आपापला एक काळ असतो; त्या काळांपैकी प्रत्येक दुसरा वगळला की केडीव्ही मिळते, प्रत्येक तिसरा वगळला की बूसिनेस्कचे समीकरण; आणि तदनुसार दोन-दोनच्या व तीन-तीनच्या आव्यूहांची बीजगणिते त्यांच्यावर अंमल करतात.

या प्रकरणाचा मुंबईशी जो संबंध आहे तो जहाजी तारेपेक्षा अधिक जवळचा आहे. डिसेंबर 1985 आणि जानेवारी 1986 मध्ये व्हिक्टर कात्स याने कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या बीजगणितांवर एक व्याख्यानमाला दिली, तेथील ए. के. रैना यांच्या सहकार्याने ती 1987 साली ग्रंथरूपाने निघाली, आणि ‘बॉम्बे लेक्चर्स’ हे शब्द तिच्या शीर्षकात असल्यामुळे आपल्या शहराचे जुने नाव आज जगभरच्या गणितज्ञांच्या कपाटांत आहे. शांत पाण्याच्या टाउपासून सोलिटॉनापर्यंतची वाट तीत सविस्तर दिली आहे.

राहता राहिले प्रत्यक्ष पाणी. केडीव्ही हे उथळ पाण्यातल्या, एकाच दिशेने जाणाऱ्या, बेताच्या उंचीच्या लांब लाटांपुरते मर्यादित असे अंदाजी समीकरण आहे. पाण्याच्या मूळ समीकरणांना ही अनंत सममिती नाही. त्यामुळे दोन लाटांची भेट मूळ समीकरणांनुसार संगणकावर मोजली, तर त्या जवळजवळ अभंग बाहेर पडतात, पण त्यांच्या मागे बारीक तरंगांची एक शेपटी उरते. लाटा बुटक्या असतील तर ती दिसतही नाही; त्यांची उंची वाढवीत जावे तशी ती ठळक होत जाते.